एल२९८ टाकून देऊ का? (छोट्या रोबोसाठी मोटर ड्रायव्हर)

उचापती

नमस्कार मंडळी,

लेकीसाठी म्हणून सुरू केलेला रोबो आता माझाच झालाय, ती केव्हाच कंटाळून उठून गेली. प्रकार साधाच आहे. दोन चाकं, पुढे एक गोटी, पिवळ्या प्लॅस्टिकच्या गिअरबॉक्सवाल्या दोन मोटर्स (१:४८ वाल्या), डोक्याला अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड) आणि ड्रायव्हर म्हणून ते लाल एल२९८एन मॉड्यूल, काळा हीटसिंक असलेलं. पॉवरला चार एए रिचार्जेबल सेल. नॅनोला मॉड्यूलच्याच ५ व्होल्टच्या पिनवरून पुरवठा दिलाय.

रोबो हातात उचलून धरला की चाकं झकास फिरतात. जमिनीवर ठेवला की नुसतं "ऊंऽऽ" करतो आणि जागचा हलत नाही. वर दर दोन-तीन सेकंदांनी नॅनोचा दिवा सुरुवातीला मिचकावतो तसा मिचकावतो, म्हणजे प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून. हाताने ढकललं तर चार बोटं पुढे जातो आणि परत ऊंऽऽ.

मॉड्यूलवर २ अँपिअर लिहिलंय. एवढ्याशा मोटरला २ अँपिअर पुरत नाहीत? ४३ अँपिअरवाला बीटीएस७९६० दिसतोय, तो घेऊन एकदाचा प्रश्न मिटवू का?

तारेवरची कसरत

थांबा, ४३ वाला नको. ड्रायव्हरवरचा अँपिअरचा आकडा म्हणजे तो स्वतः किती सोसेल, एवढंच. मोटर तिला हवा तेवढा करंट ओढते, ड्रायव्हर फक्त वाट उघडून देतो. प्रश्न असा आहे की त्या वाटेवर टोल किती लागतो.

ड्रायव्हरच्या आत एच-ब्रिज असतो. त्यात चार स्विच असतात आणि मधल्या आडव्या दांडीवर मोटर. कुठल्याही दिशेला फिरवा, करंट वरच्या एका आणि खालच्या एका स्विचमधून जाणार. एल२९८ मधले हे स्विच बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत. डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) सरळ दिलंय की १ अँपिअरला दोन्ही मिळून १.८ ते ३.२ व्होल्ट खर्ची पडतात, २ अँपिअरला ४.९ पर्यंत. २४ व्होल्टच्या मोटरला दोन व्होल्ट कमी मिळाले तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. तुमच्याकडे मुळातच ४.८ आहेत.

ठिणगी

वरच्याशी सहमत, पण नॅनो रीसेट होण्याचं कारण वेगळं आहे.

ती ५ व्होल्टची पिन म्हणजे मॉड्यूलवरच्या ७८एम०५ रेग्युलेटरचं आउटपुट. पाच बाहेर काढायला त्याला आत निदान सात लागतात. तुम्ही देताय ४.८, म्हणजे बाहेर तीनच्या आसपास येत असणार. एल२९८ च्या लॉजिकला (सिग्नल वाचणाऱ्या भागाला) किमान ४.५ लागतात, म्हणजे तीही अर्धपोटी. नॅनोचा ब्राउनआउट (ज्या व्होल्टेजच्या खाली तो स्वतःला रीसेट करतो) बहुधा २.७ ला लावलेला असतो. मोटर सुरू होताना बॅटरीला हिसका बसला की नॅनो बेशुद्ध. मोटर थांबली की बॅटरी सावरते, नॅनो शुद्धीवर येतो आणि इमानेइतबारे परत मोटर चालू करतो. तुमचा मिचकावणारा दिवा तो हाच.

नवशिका

मग ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली की काम झालं ना? रेग्युलेटरला पण पुरेल.

सोल्डरकाका

नवशिका, ती बॅटरी मल्टिमीटर, धुराचा अलार्म असल्या मिलिअँपिअरवाल्या कामांसाठी असते. पोटात सहा इवलेसे सेल एकापुढे एक, अंतर्गत रोध ओहमांत. मोटरने अर्धा-पाऊण अँपिअर मागितला की नऊचे बघता बघता सहा होतात आणि तासाभरात बॅटरी संपते. रोबोच्या मोटरला ती लावूच नये.

उचापतीताई, नवीन काही मागवण्याआधी मोजून बघा. अंदाजाने ड्रायव्हर निवडणं म्हणजे पाय न मोजता चप्पल आणणं.

पहिलं काम: मोटरच्या तारा सोडवा आणि मल्टिमीटरने वाइंडिंगचा (आतल्या तारेच्या गुंडाळीचा) रोध बघा. चाक थोडं फिरवा, परत बघा, असं पाच-सहा वेळा. ब्रश कम्युटेटरवर कुठे टेकलेत त्यानुसार आकडा बदलतो. सगळ्यात लहान आकडा घ्या. मग मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा, एवढ्या लहान रोधात तोही महत्त्वाचा आहे. बॅटरीच्या व्होल्टला या रोधाने भागलं की स्टॉल करंट, म्हणजे चाक जाम झाल्यावर मोटर ओढेल तो करंट. सुरू होण्याच्या क्षणी मोटर थांबलेलीच असते, त्यामुळे प्रत्येक वेळी निघताना ती क्षणभर तेवढाच ओढते. ड्रायव्हर निवडताना हा आकडा धरायचा. "विना भार १५०-२०० मिलिअँपिअर" वाचून निवडला तर फसाल.

दुसरं काम: मॉड्यूलवरचा ५ व्होल्टचा जंपर (रेग्युलेटर चालू करणारी छोटी टोपी) काढा. नॅनो यूएसबीवर चालवा आणि नॅनोचे ५ व्होल्ट मॉड्यूलच्या ५ व्होल्ट पिनला द्या. सगळ्यांचे ग्राउंड एकत्र हवेत. प्रोग्राममध्ये दोन्ही मोटर्स पूर्ण वेगात, पीडब्ल्यूएम (पुरवठा झपाट्याने चालू-बंद करून वेग कमी करणं) वगैरे काही नको. एक चाक हाताने दाबून धरा आणि दोन ठिकाणी व्होल्टेज बघा, बॅटरीच्या टोकांवर आणि त्या मोटरच्या टोकांवर. तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मोटर तापते.

उचापती

काका, मोजलं. लेक परत आली, चाक दाबायला मजा येते म्हणून.

रोध: ७.१, ६.४, ९.८, ६.३, ६.६. काड्या टेकवून ०.४. म्हणजे ५.९ ओहम धरते.
चाक दाबून: बॅटरीवर ४.८, मोटरवर २.९.

म्हणजे १.९ व्होल्ट मधल्या मध्ये गायब? हीटसिंकला हात लावला तर कोमट होता. आणि हो, जंपर काढल्यावर रीसेट होणं बंद झालं, पण रोबो अजून रडतखडतच चालतो. सतरंजीवर तर नाहीच.

तारेवरची कसरत

आकडे अगदी ठरल्यासारखे आलेत. २.९ भागिले ५.९, म्हणजे मोटरला साधारण अर्धा अँपिअर मिळतोय. मध्ये काही गळालं नसतं तर ४.८ भागिले ५.९, म्हणजे ०.८ अँपिअर मिळाला असता. मोटरचा पीळ करंटच्या प्रमाणात असतो. तुमची मोटर तिच्या पाच आणे ताकदीपैकी तीन आण्यांवर चालली आहे.

गिरमिट

तयार मॉड्यूल कशाला? आयआरएफ५२० मॉसफेट (गेट या पिनवरच्या व्होल्टेजने उघडणारा ट्रान्झिस्टर) आणा आणि घरीच ब्रिज बांधा. आम्ही एकेकाळी रिलेवर रोबो चालवलेत. दोन रिले, दोन दिशा. टोल शून्य!

ठिणगी

रिलेचं मान्य, टोल खरंच शून्य. पण वेग कमी-जास्त करता येत नाही आणि लाइन फॉलोअरला (रेघ धरून चालणाऱ्या रोबोला) नेमकं तेच हवं असतं. रिले दिवसभर टकटक वाजणार ते वेगळंच.

आयआरएफ५२० च्या नादी मात्र कुणी लागू नका. त्याचा थ्रेशहोल्ड २ ते ४ व्होल्ट लिहिलेला असतो आणि लोकांना वाटतं की ५ दिले म्हणजे पुरे. थ्रेशहोल्ड म्हणजे जेमतेम पाव मिलिअँपिअर वाहू लागतो ते व्होल्टेज, दाराची कडी नुसती निघाली म्हणा. दार सताड उघडायला त्याला १० व्होल्ट लागतात. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर तर तो चहाच्या कपासारखा तापत बसेल. एका दिशेपुरता एकच मॉसफेट हवा असेल तर लॉजिक लेव्हलचा (५ व्होल्टच्या सिग्नलवर नीट उघडणारा) घ्या, आयआरएलझेड४४एन. नावातला "एल" बघून घ्या, आयआरएफझेड४४एन हा वेगळा. गेटला शंभर-दोनशे ओहम, गेटपासून ग्राउंडला १० किलोओहम म्हणजे नॅनो जागा होईपर्यंत मोटर आपोआप सुटणार नाही, आणि मोटरवर उलटा डायोड. डायोड १एन५८१९ सारखा शॉटकी (झटपट बंद होणारा) असावा, १एन४००७ पीडब्ल्यूएमला फार सावकाश पडतो.

पूर्ण ब्रिज घरी बांधायचा तर दिशा बदलताना एकाच बाजूचे वरचा आणि खालचा स्विच क्षणभर एकदम चालू राहण्याची भीती असते. मग बॅटरी सरळ शॉर्ट. मी असे चार मॉसफेट एका संध्याकाळी उडवलेत. शिकायला उत्तम, पण चालता रोबो हवा असेल तर ती वाट नको.

सोल्डरकाका

आता ताईंचा मूळ प्रश्न. स्टॉल ०.८ अँपिअर, बॅटरी ४.८ व्होल्ट, मोटर्स दोन. माझ्या मते दोनच उमेदवार उरतात, दोन्ही मॉसफेटवाले: टीबी६६१२एफएनजी आणि डीआरव्ही८८३३.

टीबी६६१२ मध्ये वरचा-खालचा मिळून रोध अर्धा ओहम, सरासरी १.२ अँपिअर, क्षणिक ३.२. मोटरचा पुरवठा १३.५ व्होल्टपर्यंत चालतो. लॉजिकचा पुरवठा वेगळा द्यावा लागतो. दिशेला दोन पिना आणि वेगाला तिसरी, त्यामुळे प्रोग्राम एल२९८ सारखाच लिहिता येतो. दोन लिथियम सेल, म्हणजे भरलेले असताना ८.४ व्होल्ट, असते तर डोळे झाकून हाच सांगितला असता. तीन सेलांना १२.६ होतात, कागदावर बसतं पण ब्रेक मारताना उसळी आली तर अंगावर येऊ शकतं.

पण ताईंकडे चार निकेलचे सेल आहेत. दोन्ही मोटर्स एकदम निघाल्या की बॅटरी साडेचारच्या खाली डोकावणार. टीबी६६१२ साडेचारच्या खाली चालते, पण डेटाशीट तिथे करंटची मर्यादा खाली आणतं, ०.४ अँपिअर. नेमकी निघायच्या वेळीच पंचाईत.

डीआरव्ही८८३३ ची चाल २.७ ते १०.८ व्होल्ट. प्रत्येक ब्रिजला दीड अँपिअर, क्षणिक २. रोध ०.३६ ओहम, म्हणजे ०.८ अँपिअरला टोल ०.३ व्होल्ट. तुमचे १.९ जात होते. ओव्हरकरंटचं संरक्षण आत आहे, वेगळा लॉजिक पुरवठा नको. मी असतो तर हाच घेतला असता.

एक सवय मात्र लावून घ्या. भरधाव असताना एकदम उलट दिशा देऊ नका. फिरत्या मोटरचं स्वतःचं व्होल्टेज बॅटरीच्या जोडीला येतं आणि करंट स्टॉलच्या जवळपास दुप्पट होतो. आधी वेग शून्यावर आणा, मग उलटा.

ठिणगी

काकांना +१. मागवताना एक बघा. "एल२९८एन मिनी" नावाचं एक चिमुकलं मॉड्यूल मिळतं, त्यावर एल२९८ नसतेच. बहुतेकदा एमएक्स१५०८ असते. तीही मॉसफेटवाली आहे, लहान मोटरला वाईट नाही, पण १० व्होल्टच्या आत ठेवावी लागते. नावावरून ४६ व्होल्टची समजून १२ लावणारे लोक मी बघितलेत. धूर छान निघतो.

उचापती

डीआरव्ही८८३३ मागवला. आता नॅनोला पुरवठा कुठून देऊ? चार सेलांवरून थेट ५ व्होल्ट पिनला चालेल?

ठिणगी

थेट नको. चार्जरवरून नुकतेच काढलेले चार निकेल सेल ५.६-५.७ दाखवतात आणि नॅनोवरच्या चिपची शिफारस ५.५ पर्यंतच आहे. मध्ये एक १एन५८१९ टाका आणि डायोडच्या पुढे, नॅनोच्या बाजूला, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डायोड ०.३ व्होल्ट खातो. मोटर सुटताना बॅटरी दबली तरी कपॅसिटरमधली चार्ज मोटरकडे परत जाऊ शकत नाही, कारण डायोड दार लावून घेतो. तेवढा क्षण नॅनो त्या साठ्यावर निघून जातो. दुसरा ४७० ड्रायव्हरच्या पुरवठ्यावर, चिपच्या जितका जवळ तितका बरा. आणि प्रत्येक मोटरच्या टोकांवर १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर मोटरच्या अंगावरच सोल्डर करा. तारेच्या दुसऱ्या टोकाला लावला तर मधली तार अँटेनासारखी वागते.

उचापती

मंडळी, ड्रायव्हर आला. सगळं जोडलं. काहीच होत नाही. ऊंऽऽ पण नाही. आधीचं बरं होतं म्हणायची पाळी आलीय. पुरवठा ५.१ येतोय, नॅनोच्या पिनांवर सिग्नल आहे, मोटरवर शून्य.

तारेवरची कसरत

स्लीपची पिन कशाला जोडलीय? बोर्डावर "एसएलपी" किंवा "ईईपी" असं काहीतरी असेल. ती मोकळी असेल तर चिप झोपलेली असते, आतूनच ग्राउंडला ओढलेली आहे. काही बोर्डांवर ती वर बांधून देतात, काहींवर नाही.

उचापती

मोकळी होती!! ५ व्होल्टला लावली आणि रोबो टेबलावरून सुसाट निघाला तो लेकीने झेलला. सतरंजीवरसुद्धा चालतो. चाक दाबून परत मोजलं: बॅटरी ४.६, मोटर ४.३.

आता नवीन विचित्रपणा. वेगाचा आकडा (२५५ पैकी) १२० दिला की मागे जाताना छान पळतो, पुढे जाताना सरकतच नाही. १८० दिल्यावर कुठे हलतो. वायरिंग दहा वेळा तपासलं. आणि कमी वेगात डासासारखा किंऽऽ आवाज येतो.

तारेवरची कसरत

वायरिंग बरोबर असणार. तुम्ही प्रत्येक मोटरची एक पिन पीडब्ल्यूएमला आणि दुसरी साध्या पिनला जोडलीय, बरोबर? पुढे जाताना साधी पिन शून्य, मागे जाताना एक, आणि तेव्हा आकडा २५५ मधून वजा?

यात गोम अशी आहे. पीडब्ल्यूएमच्या "बंद" भागात मोटरमधल्या करंटचं काय करायचं हे डीआरव्ही८८३३ दुसऱ्या पिनवरून ठरवते. दुसरी पिन शून्य असेल तर बंद भागात दोन्ही पिना शून्य होतात, ब्रिज मोकळा सुटतो आणि मोटरमधला करंट डायोडसारख्या वाटेने बॅटरीकडे ढकलला जाऊन झटकन मरतो. याला फास्ट डिके म्हणतात. दुसरी पिन एक असेल तर बंद भागात दोन्ही पिना एक होतात, मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली जातात आणि करंट आतल्या आत फिरत राहतो, हळूहळू कमी होतो. हा स्लो डिके. यात वेग आकड्याच्या प्रमाणात चालतो आणि कमी आकड्यालाही पीळ टिकतो. तुमचा रोबो पुढे फास्टने जातोय आणि मागे स्लोने.

म्हणून दोन्ही दिशांना स्लो वापरा. पुढे जाताना पहिली पिन कायम एक आणि दुसरीवर उलटा पीडब्ल्यूएम, मागे जाताना पिनांची अदलाबदल. त्यासाठी चारही पिना पीडब्ल्यूएमवाल्या हव्यात. नॅनोवर अशा सहा आहेत: ३, ५, ६, ९, १०, ११. एक मोटर ९-१० वर, दुसरी ३-११ वर.

हीच जोडी का, तर किंऽऽ साठी. ९-१० टायमर १ वर आणि ३-११ टायमर २ वर चालतात, दोन्ही मुळात ४९० हर्ट्झला. त्या दोन्ही टायमरचा प्रीस्केलर (घड्याळाचा वेग भागणारा आकडा) १ केला की वारंवारता ३१ किलोहर्ट्झच्या वर जाते, माणसाच्या कानाच्या पलीकडे. ५-६ ला हात लावू नका. त्या टायमर ० वर आहेत, त्याच्यावर मिलिसेकंदांचं घड्याळ चालतं. तिथे छेडछाड केली की डिले आणि मिलिस ही वेळ मोजणारी दोन्ही फंक्शन्स वेड्यासारखी पळतात. पुढे सर्व्हो जोडायचा विचार असेल तर त्याची लायब्ररी टायमर १ घेते आणि ९-१० चा पीडब्ल्यूएम जातो, एवढं लक्षात असू द्या.

नवशिका

ही डिकेची भानगड कुणीच सांगत नाही राव. वाचनखूण साठवली.

मी ईएसपी३२ बोर्ड वापरतोय, ३.३ व्होल्टचा. मला यातला कुठला चालेल?

ठिणगी

डीआरव्ही८८३३ ला ३.३ चा सिग्नल चालतो. टीबी६६१२ वापरली तर तिचा लॉजिक पुरवठा ३.३ वरून द्या. तिला "एक" म्हणून पुरवठ्याच्या ७० टक्के लागतात, ५ दिलेत तर ३.५ मागेल. एल२९८ ला २.३ पुरतात, सिग्नलच्या बाबतीत ती बिचारी कुणालाच नाही म्हणत नाही.

गिरमिट

१२ व्होल्टच्या मोठ्या मोटर्स, स्टॉल १५ अँपिअर. मला बीटीएस७९६० चालेल की मलाही नकार?

सोल्डरकाका

तुम्हाला चालेल, ती त्याच कामाची आहे. एका मोटरला एक मॉड्यूल, त्यावर दोन अर्धे ब्रिज असतात. पण ४३ हा आकडा चिपची करंट मर्यादा आहे, त्या छोट्या हीटसिंकवर सतत ४३ ची अपेक्षा धरू नका. बॅटरीवरच चालवा. अ‍ॅडाप्टरवर जोरात ब्रेक मारला तर मोटरमधून परत येणारी ऊर्जा अ‍ॅडाप्टर गिळत नाही, पुरवठ्याचं व्होल्टेज वर चढतं. बॅटरीच्या तारेत फ्यूज घाला.

उचापती

चार पिना पीडब्ल्यूएमवर घेतल्या, प्रीस्केलर बदलला. किंऽऽ गेला. १२० वर पुढे-मागे सारखाच चालतो. नंतर ६० वरही चालवून बघितला, गोगलगायीसारखा पण न अडखळता. डावं चाक उजव्यापेक्षा किंचित हळू आहे, त्याला आकड्यातच आठ वाढवून दिलेत.

चिपला बोट लावलं, गार आहे.

नवशिका

मग जुन्या एल२९८ चं काय केलंत? टाकून दिली?

उचापती

नाही हो. खिडकीच्या पडद्याला १२ व्होल्टची गिअर मोटर लावायचीय, तिथे जाईल. बारातले दोन गेले तरी पडदा सरकेल. फक्त काकांनी वर अ‍ॅडाप्टरचं जे लिहिलंय ते वाचून आता थोडी धाकधूक आहे. पडद्याची मोटर थांबताना तसं होतं का?

सोल्डरकाका

हलका पडदा असेल तर काळजी नको, गिअरमध्येच सगळी ऊर्जा जिरते. पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, २५ व्होल्टचा, उलटा लावू नका. दोन्ही टोकांना लिमिट स्विच (पडदा टोकाला पोचला की मोटर थांबवणारे) मात्र नक्की लावा. पडदा दांडीला अडला आणि मोटर तशीच ओढत राहिली की ती स्टॉल करंटवर जाईल, आणि या वेळी चाक दाबून धरायला लेक नसेल.